नाडी सापडत नाही, की बोट चुकतंय?

प्रश्न थोडक्यात असा आहे: आई 68 वर्षांची, बीपीसाठी मेटोप्रोलॉल चालू आहे. डॉक्टरांनी रोज सकाळी नाडी मोजून वहीत लिहायला सांगितलंय. पण मुलाला मनगटावर नाडी सापडत नाही, सापडली तर मध्येच हरवते. ऑक्सिमीटर एकदा 58 दाखवतो आणि पुढच्याच क्षणी 94. बीपीच्या मशीनवर तिसराच आकडा. विश्वास कशावर ठेवायचा आणि नाडी बघायची कशी?

विश्वास बोटांवर ठेवायचा, पण त्याआधी बोटांना थोडं शिकवावं लागतं. मी 31 वर्षं वॉर्डात काढली, त्यातली बरीचशी नर्सिंगच्या मुलींना शिकवण्यात. दरवर्षी पहिल्या आठवड्यात एखादी तरी मुलगी धावत यायची, "सिस्टर, बारा नंबरला नाडीच नाही!" जाऊन बघावं तर बारा नंबर कॉटवर बसून चहात पाव बुडवतोय. सांगायचा मुद्दा, नाडी न सापडणं हे बहुतेक वेळा आपल्याच बोटाचं दुखणं असतं. तुमच्या बाबतीत मात्र ते अर्धंच खरं असावं, असं मला ऑक्सिमीटरच्या आकड्यांवरून वाटतं. त्याकडे येतेच, आधी हात बसवू.

आईंना दहा मिनिटं निवांत बसू द्या. जिना चढून आल्या असतील, चहा झाला असेल, मिश्री लावली असेल तर अर्धा तास थांबा. मिश्रीचं मुद्दाम लिहिते. "तंबाखू खाता का?" असं विचारलं की आपल्याकडच्या कितीतरी बायका "छे" म्हणतात, आणि त्या खोटं बोलत नसतात; मिश्रीला त्या तंबाखूत धरतच नाहीत. नाडी मात्र धरते. निकोटिन अंगात गेलं की ठोके वाढतात.

हात उशीवर किंवा मांडीवर टेकवायचा, तळवा वर. लोंबता हात कधी धरू नये. बांगड्या-पाटल्या कोपराकडे सरकवा, घड्याळ काढून ठेवा. आता अंगठ्याच्या बुडापासून बोट खाली आणत मनगटाची घडी ओलांडा आणि आणखी दोन बोटं कोपराच्या दिशेने जा. तिथे अंगठ्याच्या बाजूला एक हाड लागेल. मूठ आवळून हात किंचित आत वळवला तर मनगटाच्या मधल्या भागात दोऱ्या ताणल्यासारख्या दिसतात. त्या शिरा नव्हेत, स्नायूंचे बंध आहेत. अंगठ्याकडचा बंध आणि ते हाड यांच्यामध्ये एक उथळ पन्हळ आहे. नाडी त्या पन्हळीत असते. नव्वद टक्के नवशिके मनगटाच्या अगदी मधोमध शोधत बसतात आणि तिथे काही मिळत नाही.

तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका, तिन्हींची पेरं त्या पन्हळीत एका ओळीत ठेवा. टोकं नकोत, नखं रुततात. पेराचा मऊ भाग हवा. आणि जोर किती? हापूस पिकलाय का हे देठाशी दाबून बघतो ना, तेवढा. त्याहून जास्त दाबलं की धमनी हाडावर चेपली जाते, खालचा प्रवाह अडतो आणि ठोका बोटाखालून नाहीसा होतो. "सापडली आणि मध्येच हरवली" असं तुम्ही लिहिलंय, त्याचं एक कारण हे. ठोका सापडला की माणूस आनंदाने आणखी दाबतो! म्हणून मी मुलींना उलटं शिकवायचे. आधी ठोका पूर्ण बंद होईपर्यंत दाबा, मग श्वास सोडल्यासारखी बोटं हळूहळू सैल करा. एका जागी ठोका सगळ्यात ठळक लागेल. तिथेच थांबा. दोन-तीन दिवस केलंत की बोटं आपोआप त्या जोरावर थांबतात.

अंगठ्याने बघायचं नाही, हे पुस्तकात असतं आणि सगळे वाचून विसरतात. मीही विसरले होते. ट्रेनिंगच्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट. पहाटेचा टीपीआर, म्हणजे ताप, नाडी, श्वास यांचा राउंड. वॉर्डात चाळीसेक कॉट आणि मी एकटी. एक आजोबा न्हाणीघरात दोनदा चक्कर येऊन पडले म्हणून भरती झाले होते. ते झोपेत असताना मी त्यांचं मनगट अंगठ्याने धरलं, पंधरा सेकंद मोजलं, चारने गुणलं, चार्टवर 76 लिहिलं. तासाभराने सिनियर सिस्टर माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. "आजोबांची किती आली?" "76." "आता तुझी स्वतःची मोज." मोजली. 76! त्यांनी पूर्ण मिनिटभर मोजलेली आजोबांची नाडी 44 होती. अंगठ्याच्या पेरातही धमनी असते, चांगली ठणठणीत, आणि समोरच्याची नाडी मंद असेल तर तुमचा स्वतःचाच ठोका तुम्ही इमानदारीत मोजून घेता.

ती गोष्ट तिथे संपली नाही. आजोबा बीपीसाठी अॅटेनोलॉल घेत होते, ते कागदावर होतं. काचबिंदूसाठी दोन्ही डोळ्यांत टिमोलॉलचे थेंबही घालत होते, ते कुठेच नव्हतं. औषधं कोणती चालू आहेत असं विचारल्यावर डोळ्यांचे थेंब कोण सांगतं? पण टिमोलॉलही त्याच जातीचं, नाडी मंद करणारं औषध. थेंब डोळ्यातून अश्रूच्या नळीने नाकात उतरतो आणि तिथल्या पातळ त्वचेतून थेट रक्तात जातो. गोळीसारखा आधी यकृतातून गाळून निघत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब बदलले, आठवड्यात नाडी साठच्या वर आली, चक्कर थांबली. मेटोप्रोलॉल हे अॅटेनोलॉलचं भावंडच आहे. तेव्हा आईंच्या डोळ्यांत काही घालता का, ते आजच बघा. घालत असाल तरी स्वतःहून बंद करू नका, मेटोप्रोलॉलची गोळी तर मुळीच नको. ही गोळी एकदम तोडली की नाडी आणि बीपी दोन्ही उसळतात, छातीतही दुखू शकतं. बदल करायचा तो डॉक्टर करतील.

मोजायला सेकंदकाट्याचं घड्याळ किंवा मोबाइलचा टायमर चालेल. टायमर लावताना ज्या ठोक्याला सुरुवात केलीत त्याला शून्य म्हणा, पुढच्याला एक. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची सवय सगळ्यांना असते, आम्हालाही घाईत असते. पण एक ठोका चुकला की उत्तरात चारची चूक होते. चाल सरळ असेल तर तीस सेकंद मोजून दुप्पट केलेलं चालतं. आईंसाठी मात्र पूर्ण मिनिट, रोज. घड्याळ बनवणाऱ्यांना मिनिटाचं हे काम तीनशे वर्षांपूर्वी सांगितलं गेलं: इंग्लंडमधल्या लिचफील्डच्या जॉन फ्लॉयर नावाच्या डॉक्टरने नाडीसाठी खास एक मिनिट चालणारं घड्याळ करवून घेतलं आणि 1707 मध्ये त्यावर पुस्तक काढलं. त्याआधी बहुतेक डॉक्टर नाडी "वेगात आहे", "संथ आहे" असंच लिहीत.

आता आकड्याचं. मोठ्या माणसाची बसल्या जागी 60 ते 100. रोज पळणाऱ्याची 50 च्या आसपास असली तरी तो ठणठणीत असतो. मेटोप्रोलॉल चालू असताना 55-60 दिसणं हे औषध काम करतंय याचं लक्षण असू शकतं. तान्ह्या बाळाची 100 ते 160 म्हणजे नेहमीचीच, त्यावरून घाबरू नये. तापात साधारण एका फॅरनहाइट अंशामागे दहा ठोके वाढतात. ताप 103 आणि नाडी 80 असं विचित्र गणित दिसलं तर आमच्या जुन्या डॉक्टरांच्या तोंडी पहिला शब्द टायफॉइड असायचा.

पण खरं सांगू का, आकडा हा नाडीचा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कमी बोलणारा भाग आहे. बोटाखाली चाल कळते, आणि ती कुठल्याही घरगुती मशीनपेक्षा बोटाला चांगली कळते. डोळे मिटा आणि ऐका. भजनातल्या टाळासारखी एकसारखी पडतेय का? तरुण माणसात श्वास आत घेताना थोडी जलद आणि सोडताना थोडी संथ होते, ते निरोगीपण आहे. ठेका सरळ चाललाय, मध्येच एक ठोका लवकर पडतो आणि मग क्षणभर पोकळी, "चुकला की काय" असं वाटतं, की पुन्हा ठेका सुरू: हे पुष्कळांना होतं, जागरणाने, चहा-कॉफीने, काळजीने. बहुतेक वेळा निरुपद्रवी असतं, एकदा ईसीजी काढून मोकळं व्हावं. तिसरा प्रकार म्हणजे ठेकाच नाही. दोन जलद, एक उशिरा, तीन भराभर, एक भरदार, एक इतका बारीक की झाला की नाही कळू नये. पत्र्यावर वळवाच्या पावसाचे पहिले टपोरे थेंब पडतात, तसं. त्यात पुढचा ठोका कधी पडेल याचा अंदाजच बांधता येत नाही. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, तिथे रक्त साकळून गाठ होऊ शकते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात. साठीनंतर हे वाढत जातं, आणि कित्येकांना धडधडसुद्धा जाणवत नाही.

म्हणून मला तुमच्या ऑक्सिमीटरच्या 58 आणि 94 ची काळजी वाटली. हे यंत्र बोटातून प्रकाश पाठवून ठोके मोजतं आणि गेल्या काही सेकंदांची सरासरी दाखवतं. ठेका सरळ असेल तर आकडा दोन-चारने मागेपुढे होतो. बोट गार असेल, हात हलत असेल, नखाला गडद पॉलिश किंवा बोटावर मेंदी असेल तर तो भरकटतो. हे सगळं बाजूला केलंत, हात गरम केलात, आणि तरी आकडा असा उड्या मारत राहिला, तर उड्या हीच माहिती आहे. बीपीच्या मशीनवरचा नाडीचा आकडाही अशा वेळी कच्चा. आणि तुमची सापडलेली नाडी "मध्येच हरवते", त्यातही कदाचित बोटाचा दोष नसेल; काही ठोके मनगटापर्यंत पोहोचतच नसतील. एक गोष्ट मात्र तपासून घ्या: ऑक्सिमीटरवर दोन आकडे असतात, एक ऑक्सिजनचा, एक ठोक्यांचा. कोविडच्या दिवसांत मला रात्री दीड वाजता फोन आला होता, "ऑक्सिजन 72 वर आलाय!" आवाज इतका दमदार की मला संशय आला. 72 नाडी होती, ऑक्सिजन 98.

ठोके मनगटापर्यंत पोहोचत नाहीत हे पडताळायची आमची वॉर्डातली पद्धत दोघींची. एकच घड्याळ समोर ठेवायचं. एक जण छातीवर स्टेथोस्कोप लावून हृदयाचे ठोके मोजते, दुसरी त्याच मिनिटात मनगटावर. छातीवर 104 आणि मनगटावर 82 आले, तर बावीस वेळा हृदय पुरतं भरण्याआधीच आकुंचन पावलं. आवाज झाला, पण लाट मनगटापर्यंत आली नाही. लाट म्हणतेय, कारण बोटाला लागतं ते वाहणारं रक्त नव्हे. हृदयाने रक्त ढकललं की धमनीच्या भिंतीतून दाबाची लाट धावते, रक्तापेक्षा कितीतरी वेगाने. घरी स्टेथोस्कोप नसेल तर हे करू नका, ओढाताण नको. ईसीजीत पाच मिनिटांत उत्तर मिळतं.

मनगटावर नाहीच जमलं तर कोपरावर बघा. हात सरळ, कोपराच्या आतल्या घडीत मधोमध एक जाड बंध लागतो. त्याच्या अंगाकडच्या बाजूला ठोका मिळतो. बीपी मोजताना डॉक्टर स्टेथोस्कोप ठेवतात ती हीच जागा. वर्षाच्या आतल्या बाळाला मान आखूड, मनगट गुबगुबीत, म्हणून त्याची दंडाच्या आतल्या बाजूला बघतात. मानेवरची नाडी सगळ्यांना सिनेमामुळे माहीत असते: कंठमण्यावर बोट ठेवून बाजूला घसरवलं की खोबणीत ठोका लागतो. पण ती एका वेळी एकाच बाजूची बघायची, दोन्ही बाजू एकदम कधीच दाबायच्या नाहीत, आणि चोळायचं तर अजिबात नाही. तिथे दाब ओळखणारी एक नाजूक जागा आहे. वयस्कर माणसात ती दाबली गेली तर नाडी एकदम मंदावून माणूस जागीच कोसळू शकतो. आईंची तिथे रोज बघू नका.

पायाच्या नाड्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण घरात कुणाला मधुमेह असेल तर विचारायला हवं होतं. एक घोट्याच्या आतल्या हाडाच्या मागे, दुसरी पावलावर, अंगठा वर उचलल्यावर जो बंध उठतो त्याच्या बाहेरच्या अंगाला. पावलावरची काही निरोगी माणसांतही जन्मतःच लागत नाही, म्हणून तेवढ्यावरून धसका घ्यायचा नाही. पण दोन्ही जागी काही नाही, पाऊल गार, चालताना पोटरी दुखते आणि थांबलं की थांबते, किंवा जखम भरत नाही, असं असेल तर पायाला रक्त कमी पडतंय. आणि डायलिसिसवर असलेल्या कुणाचा हात बघायची वेळ आली तर विचारून घ्या. फिस्टुला केलेल्या, म्हणजे डायलिसिससाठी धमनी आणि शीर एकमेकींना जोडलेल्या हातात ठोक्याऐवजी मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागते. ती लागणंच चांगलं. त्या हाताला बीपीचा पट्टा बांधायचा नाही.

दोन्ही मनगटांची नाडी पहिल्या दिवशी एकदा एकत्र बघा. आपल्याकडे पुरुषांचा उजवा आणि बायकांचा डावा हात बघायची वैद्यांची रीत आहे. ठोके मोजायला कुठलाही चालतो. एका हाताची नाडी स्पष्टपणे बारीक असेल तर डॉक्टरांना सांगा, आणि बीपी पुढे नेहमी जास्त भरणाऱ्या हातावर घ्या. तीन बोटं, तीन दोष, सापाची, बेडकाची आणि हंसाची चाल हे शार्ङ्गधर संहितेत आलेलं नाडीज्ञान वेगळं शास्त्र आहे, त्यावर मी बोलणार नाही. एवढंच म्हणेन, की घाई न करता तीन बोटं ठेवून चाल ऐकत बसायची त्यांची शिस्त आमच्या मुलींनी घेतली असती तर माझं काम हलकं झालं असतं.

पावसाळ्यात घरी डेंग्यू असेल तर वेगळं लक्षात ठेवा. ताप उतरला की सगळे सुटकेचा श्वास सोडतात, आणि नेमका तोच दिवस जपायचा. तळवे गार, नाडी जलद आणि दोऱ्यासारखी बारीक, माणूस मलूल किंवा चिडचिडा: तिथे सकाळपर्यंत थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. थर्मामीटर तेव्हा 98 दाखवत असतो.

आणि कुणी समोर कोसळला, हाक मारून हलवून जागा होत नाही, श्वास घेत नाही किंवा नुसते आचके देतोय, तर नाडी शोधत बसू नका. हे मी नाडी शिकवणारीच सांगतेय. आम्हालाही त्यासाठी दहा सेकंदांच्या वर मुभा नाही, आणि घाबरलेल्या माणसाला स्वतःच्याच बोटातली धडधड लागते. 108 ला फोन लावायला कुणाला तरी सांगा आणि छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबायला लागा, मिनिटाला 100 ते 120 वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल.

आता आईंचं. उद्यापासून सकाळी गोळीच्या आधी, उठून बसल्यावर, पूर्ण मिनिट मोजा. वहीत तारीख, वेळ, आकडा आणि त्यापुढे एक शब्द: "सरळ", "मध्ये एक चुकला" किंवा "वेडीवाकडी". डॉक्टरांना आकड्यापेक्षा तो शब्द जास्त उपयोगी पडेल. वेडीवाकडी लागली तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी ईसीजी काढून आणा. पन्नासच्या खाली आली तर गोळी द्यायच्या आधी डॉक्टरांना फोन करा. आकडा काहीही असो, चक्कर, घेरी, दम, छातीत दुखणं, बोलताना जीभ अडखळणं यातलं काही असेल तर वही तिथेच ठेवून निघा.

दवाखान्यात जाताना वहीबरोबर सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या न्या, आणि फ्रिजच्या दारात किंवा देवघराच्या कोनाड्यात डोळ्यांच्या थेंबांची बाटली असेल तर तीही पिशवीत टाका.